सामाईक गाडी

सीट पुन्हा मागे सरकवलेली होती. सोमवारी सकाळी विहिरीवरच्या पंपाच्या मोटारघराच्या कोनाड्यातून गाडीची किल्ली काढली, दार उघडलं, बसलो आणि डावा पाय क्लचपर्यंत पोचलाच नाही. हवेत राहिला. गोष्ट एवढीशीच. सीटखालची कळ ओढायची, पुढे सरकायचं, झालं. पण माझी पाळी सुरू होते त्या प्रत्येक सोमवारी पाय असाच हवेत राहतो आणि प्रत्येक वेळी मी चडफडतो. साठीला टेकलेल्या माणसाला हे शोभत नाही, ठाऊक आहे. भावाचे, भरतचे, पाय लांब आहेत, वडिलांसारखे. मी आईवर गेलो. उतरताना सीट पुढे घेऊन ठेवायला त्याच्या बापाचं काय जातं, असं मी मनात म्हणतो आणि मग त्याचा बाप तोच माझा बाप, हे आठवून आणखी चिडतो. त्या दिवशी काच पुसायला वाकलो तर बॉनेटवर चिकटपट्टीच्या रेघा दिसल्या. मागच्या पाळीत मी ते बॉनेट खरवडून, खड्ड्यांत लांबी भरून, घासून, मूळचा फिकट हिरवा रंग जुळवून रंगवलं होतं. त्यावर कुणा नवरदेवासाठी झेंडूच्या माळा चिकटवल्या गेल्या होत्या आणि माळांबरोबर रंगही सोलून आला होता. डाव्या सीटच्या नव्या रेक्झिनला बुटाच्या टाचेनं भोक पडलेलं. नवरदेवाला उभं राहून हात हलवायचे असतात. मी भोकात बोट घालून पाहिलं, आतला काथ्या लागला. असा राग आला की तिथल्या तिथे विहिरीत गाडी लोटून द्यावी. विहीरही सामाईक, गाडीही सामाईक.

वडील चांगदेव येडगाव धरणाच्या कामावर दगडाचे ठेकेदार होते. पुण्यात कुणा साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता, तिथे ते लोखंडी कपाट आणायला गेले आणि ही गाडी घेऊन आले. इटलीत तयार झालेली, दोन दारांची, दोनच माणसांची, कापडी टपाची फियाट. निमगाव सावाच्या त्या वेळच्या धुळीत टप उघडा टाकून ते आले तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. गावानं गाडीचं नाव इटली ठेवलं. इटली आली, इटली गेली, इटली चिखलात रुतली. दुसऱ्या दिवशी आई तिच्यात बसली, पदर दातांत गच्च धरून, देवळापर्यंत. परत आल्यावर म्हणाली, “लई वारं लागतंय हो.” पुन्हा ती कधी बसली नाही. मग ती दुसरी सीट आमच्या दोघांची झाली आणि तिथूनच सगळं सुरू झालं, असं मला वाटतं. कारण सीट एक आणि आम्ही दोघं.

वडिलांनी गाडी शिकवायची ठरवली तेव्हा पहिला मान माझा, थोरल्याचा. माझ्या पाठीशी त्यांनी गोणपाटाची घडी लावली, तरी पाय पुरेना. टाचेवर चढून क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. पुन्हा सोडला, पुन्हा बंद. वडील रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले आणि म्हणाले, “उतर.” भरत माझ्याहून लहान, पण उंचीनं तेव्हाच मला मागे टाकलेलं. तो बसला, गोणपाट काढून बाहेर फेकलं आणि ओढ्यापर्यंत गाडी घेऊन गेला. वडिलांचा हात त्याच्या सीटच्या पाठीवर होता. मी गोणपाट उचलून धुळीतून मागे चालत गेलो. त्या दिवशी मी दोघांचाही द्वेष केला. त्यातले एक गेले. त्यांच्या वाट्याचं जे होतं तेही मी भरतच्याच नावावर चढवलं. पुढे शिकलो मी गाडी, चाकणला कंपनीत नोकरी केली, इंजिनांचे भाग हाताखालून घातले. भरत मात्र आजही गाडी चालवतो ती वडील चालवायचे तशी, कोपर दारावर टेकून, जणू काही रस्ता त्याला ओळखतो. यंत्राबद्दल त्याला काडीचं कळत नाही. हे मी नूतनला, माझ्या बायकोला, इतक्या वेळा सांगितलंय की हल्ली ती नुसती ‘हं’ म्हणते.

वडील गेल्यावर वाटणी झाली. जमीन मोजली, घर भरतला, मंचरचा प्लॉट मला. विहीर सामाईक राहिली, ती सगळ्यांच्याच राहतात. आठ दिवस पाणी एकाचं, आठ दिवस दुसऱ्याचं. उरली गाडी. आमचे गेणभाऊमामा पंच म्हणून बसले होते. तंबाखू मळता मळता म्हणाले, “त्यात काय इचार करायचा? इहिरीला पाळी हाय, तीच गाडीला लावा. सोमवारी दिस उगावला की बदली.” चारचौघांनी माना हलवल्या. मीही हलवली. दुसरीकडे कुठे गाडी विकून मोकळे झाले असते, पण इथे तीन पिढ्या पाण्याचा तंटा पाळीनंच मिटत आलाय, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलंच नाही. विहिरीत रात्रीतून पाणी पाझरतं, गाडीत काही पाझरत नाही, एवढा साधा विचार त्या बैठकीत एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही. कायदाही विहिरीचाच. ज्याच्या पाळीत मोटर जळेल त्यानं भरायची. सोमवारी जे जसं असेल तसं पुढच्यानं ताब्यात घ्यायचं, तक्रार चालणार नाही. आणि गाडी मिळाली नाही तर पाणी तोडायचं, हा कायदा भरतनं स्वतः घातला. एकदा मी दोन दिवस उशीर केला तेव्हा त्यानं मोटारघराला कुलूप ठोकलं आणि माझ्या वाटेकऱ्याचे टोमॅटो उन्हात माना टाकून बसले.

तर माझ्या पाळीत मी गाडी मंचरला आणतो आणि आमच्या बिल्डिंगखालच्या शेडमध्ये उघडतो. त्याच्या पाळीत तो ती लग्नांना नेतो. पिंपळवंडी, अवसरी बुद्रुक, जिथून बोलावणं येईल तिथे. उघड्या गाडीतून नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो, पुढे बॅन्जो, मागे नाचणारी पोरं, मध्ये इटली, गोगलगाईच्या चालीनं. एवढ्या सावकाश चालवलं की इंजिन तापतं, क्लच जळतो. मी रेडिएटर साफ करतो, तो उकळवून आणतो. मी दारं बसवतो, तो त्यांच्यावर बायामाणसांची वजनं लटकवतो. स्क्रॅपमधल्या पद्मिनी गाड्यांचे भाग शोधून, घासून, जुळवून मी एक एक गोष्ट जागेवर आणतो आणि आठ दिवसांनी ती जागा सोडून गेलेली असते. एकदा काम अर्धवट राहिलं म्हणून, गाडी सुरूच होऊ नये यासाठी, मी डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर काढून खिशात घालून गेलो. त्यानं कुठून तरी दुसरा पैदा केला आणि गाडी नेली. माझ्या त्या रोटरची गोष्ट त्यानं गावभर सांगितली. बोलणं त्याआधीच बंद झालं होतं. नेमकं कधी, कशावरून, हे आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. फोनवर त्यानं मला बंद केलंय आणि मी त्याला. जे काही बोलायचं ते गाडी बोलते. रिकामी टाकी, मागे केलेली सीट, सोललेला रंग. मला सगळं स्वच्छ वाचता येतं.

मला ती गाडी एकदा पूर्ण हवी होती. एकदाच. रंग, टप, आसनं, दिवे, इंजिन, सगळं एकाच सकाळी धड. त्या सकाळी ती मोटारघरापाशी उभी करायची आणि भरतनं ती पाहायची. तो काय म्हणेल याची मला पर्वा नव्हती, असं मी स्वतःला सांगायचो, पण ते खोटं होतं. त्यानं काहीतरी म्हणावं असं मला फार वाटत होतं. काय म्हणावं ते मात्र मला कधी ठरवता आलं नाही. नूतननं एकदा भाजी निवडताना विचारलं, “पूर्ण झाली की मग काय करणार आहात?” मी म्हणालो, “चालवणार.” ती म्हणाली, “आठ दिवस. नंतर ते भाऊजी चालवणार.” आणि मेथीची काडी मोडत हसली. तिच्या त्या हसण्याचा मला दोन दिवस राग होता.

बॉनेट सोललेलं मिळालं त्या आठवड्यात मी जुन्नरला महंमद हनीफच्या दुकानात गेलो. तो जीपचे हूड, टेम्पोच्या ताडपत्र्या शिवतो. आमचा टप त्यानं दिवाळीतच शिवून ठेवलेला, काळा, जाड, आतून राखाडी अस्तर. मी तो नेत नव्हतो. बसवला की भरतचे सजावटवाले त्याला टाचण्या मारणार, हे ठरलेलंच. हनीफनं मला पाहताच मशीन थांबवली. “सयाजीशेठ, टप न्यायला आलात का पुन्हा नुसता बघायला आलात?” मी म्हणालो, नुसता बघायला. “उंदीर कुरतडतील आता. घरात जैबुन्निसा रोज बोलते, त्या इटलीवाल्याचं गाठोडं बाहेर फेका. मी एखाद्या टेम्पोला लावून टाकीन बघा, मग म्हणू नका.” मी घडी उलगडून शिवण पाहिली. शिवण चांगली होती, पण मी एका कोपऱ्यात खोट काढली, कारण चांगलं म्हणायची माझी जीभच उरलेली नाही. “खोट तुमच्या डोक्यात हाये,” हनीफ म्हणाला आणि त्यानं मशीन सुरू केली. बाहेर आलो तर ऊन मी म्हणत होतं. टप नसलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत होतं आणि रस्त्यावरची दोन माणसं हात करून हसली. लोकांना ती गाडी पाहिली की आनंद होतो. माझ्याकडे पाहून नाही होत. लग्नाच्या कुठल्या तरी व्हिडिओत त्यांनी पाहिलेली असते आणि चालवणारा भरत असतो.

त्या पाळीत मी ब्रेक काढले होते. मास्टर सिलिंडरमधली, ब्रेकचं तेल दाबून धरणारी रबरं कडक झाली होती. नवी घातली, तेल भरलं, हवा काढली. रविवारी मंचरच्या बाजार समितीसमोर करकचून दाबून पाहिले, गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी खूश झालो, एकट्यानंच. सोमवारी पहाटे निघालो तोवर ठीक होतं. निमगावच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली, मी पाय ठेवला, ब्रेक लागला, आणि मग पायाखालून हळूच खचत गेला. चिखलात पाय जातो तसा. पुन्हा भराभर दोनदा दाबला तर दगडासारखा घट्ट. धरून ठेवला की पुन्हा खाली. रबर आतल्या आत तेल सोडत होतं. म्हणजे उभ्या गाडीत कुणीही तपासलं तर ब्रेक उत्तम, आणि उतारावर पाय धरून ठेवला की नाहीत. शेतापर्यंत मी गिअरवर आणि हँडब्रेकवर आलो. त्या हँडब्रेकचे दातही झिजलेले, ओढून हातानं धरून ठेवावा लागायचा. ते काम मी पुढच्या पाळीला ठेवलं होतं.

विहिरीपाशी भरत उभा होता, इस्त्रीचे कपडे, कपाळाला टिळा. शेजारी जानकू, लग्नाची सजावट करणारा, दोन पोती झेंडू आणि चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन. पिंपळवंडीला जायचं होतं त्यांना. मी गाडी सपाटीवर बंद केली, चढाच्या बाजूला तोंड करून, आणि उतरलो. किल्ली कोनाड्यात ठेवायची आणि निघायचं, एवढाच आमचा रिवाज. आज ती मी मुठीत ठेवली. काय बोलायचं ते मी रस्ताभर घोळवलं होतं, पण भरतच्या तोंडाकडे पाहून बोलणं जमेना. मी जानकूकडे पाहिलं.

“जानकू, सांग त्याला, आज गाडी न्यायची न्हाई. ब्रेक लागत न्हाईत.”

जानकूनं बिचाऱ्यानं भरतकडे पाहिलं, जसं काही दोन हातांच्या अंतरावर उभ्या माणसाला ते ऐकूच गेलं नसेल.

“जानकू,” भरत म्हणाला, “इचार त्येंना, आज पाळी कुनाची हाय?”

“त्याची हाय म्हनावं. पर ब्रेक न्हाई.”

“मागं रोटर नव्हता. आता ब्रेक न्हाई. पुढल्या बारीला चाकं नसत्याल. इतक्या लांबनं गाडी ब्रेकबिगर आली का, इचार.”

“हँडब्रेकवर आनली म्हनावं.”

भरत हसला. वडिलांचंच हसू. तो गाडीत बसला, सीट खाडकन मागे सरकवली आणि ब्रेकवर पाय मारला. एकदा, दोनदा. असा दाबला की तो घट्टच लागणार, हे मला इतकं नीट ठाऊक होतं की मी डोळे मिटले. “ये जानकू, तू दाब.” जानकूनं दारातून वाकून हातानं पेडल दाबलं. “घट्ट लागतंय की राव,” तो म्हणाला आणि माझ्याकडे अपराधी तोंडानं पाहिलं. मी त्याला समजावू लागलो, रबर, तेल, धरून ठेवलं की कसं खचतं, आणि माझंच बोलणं मला लबाड वाटायला लागलं. खरं सांगत असताना इतकं खोटारडं मला कधीच वाटलं नव्हतं. भरतनं हात पुढे केला, माझ्याकडे न बघता. त्या हातावर किल्ली द्यायचीच नव्हती तर मी ती विहिरीत टाकू शकत होतो. टाकली असती तर गाव म्हणालं असतं, सयाजी असाच. म्हणून मी किल्ली दिली आणि गाडीला वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसलो. भोकाच्या सीटवर.

“जानकू, उतरव त्येंना,” भरत म्हणाला. जानकू झेंडूच्या पोत्याकडे बघत राहिला. “उशीर व्हतोय,” एवढंच पुटपुटला आणि पोती आपल्या मोटारसायकलला बांधायला लागला. भरतनं गाडी सुरू केली.

त्या गाडीत आम्ही दोघं एकाच वेळी कधीच बसलो नव्हतो. त्याच्या कपड्यांना अत्तराचा वास होता. त्याचं कोपर दारावर, माझा हात दोघांच्या मधल्या हँडब्रेकवर. त्यानं तो हात पाहिला आणि ओठ आवळले. टेपाडाच्या माथ्यापर्यंत चढ आहे, तिथून डांबरी सडक सरळ ओढ्याकडे उतरते, खाली अरुंद फरशी पूल. चढावर मी त्याच्या गालाकडे पाहिलं. दाढीचे खुंट पांढरे झाले होते, डोळ्याखाली पिशव्या. मला काही कणव वगैरे आली नाही. उलट वाटलं, याला म्हातारा व्हायची काय घाई होती, माझी गाडी अजून पूर्ण व्हायची आहे. माथ्यावर आलो तेव्हा वारा अंगावर आला आणि पुढचा भाग खाली झुकला.

फरशीवर टोमॅटोची क्रेट भरलेला पिकअप उभा होता. ड्रायव्हर चाकापाशी उकिडवा बसून काहीतरी पाहत होता, त्याची पाठ आमच्याकडे. भरतनं ब्रेक लावला. लागला. त्यानं तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं, अगदी जिंकल्यासारखं, आणि पाय तसाच धरून ठेवला. मग मी त्याच्या डोळ्यांतून ते जिंकणं निघून जाताना पाहिलं. त्याचा लांब पाय खाली खाली गेला, पार पत्र्याला टेकला. त्यानं पुन्हा दाबला असता तर कदाचित लागलाही असता, पण त्याला यंत्रातलं कळत नाही, त्यानं आहे तोच पाय आणखी जोरानं रेटला. गाडी पळू लागली. माझा हात हँडब्रेकवर होता आणि मी तो ओढला नाही. लगेच नाही. तो मरावा असं मला वाटत नव्हतं, मीही त्याच गाडीत होतो. मला तो चुकलेला हवा होता आणि ते त्याच्या तोंडून हवं होतं. त्यानं फक्त ‘दादा’ म्हणायचं होतं. ‘दादा, वढ’ असंही नाही, नुसतं ‘दादा’. उकिडवा बसलेला माणूस आता मला स्वच्छ दिसत होता, त्याच्या बनियनला पाठीवर फाटलेलं होतं. भरतनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, जबडा घट्ट मिटला आणि समोर पाहत राहिला. तो म्हणणार नव्हता. त्या माणसावर जाऊन आदळला असता, आम्हा दोघांचा चेंदा झाला असता, पण म्हणाला नसता. ते मला कळलं तेव्हा मी सगळं अंग मागे टाकून हँडब्रेक ओढला.

मागची चाकं किंचाळली, गाडी तिरकी झाली, सरकत सरकत गेली आणि फरशीच्या अलीकडे, उतारावरच, थांबली. पिकअपचा ड्रायव्हर उठून उभा राहिला होता, हातात पाना. रबर जळाल्याचा वास आला. माझे दोन्ही हात त्या दांड्यावर होते. दात झिजलेले, सोडला की गाडी पुन्हा निघणार. भरतनं स्टिअरिंगवरचे हात काढले. मी वाट पाहत होतो. मग त्यानं दार उघडलं, उतरला, रस्त्याच्या कडेला गेला, पडलेल्या बांधातला एक दगड दोन्ही हातांनी उपसला. इस्त्रीच्या सदऱ्याला माती लागली. त्यानं तो आणून माझ्या बाजूच्या पुढच्या चाकाखाली लावला, बुटानं ठोकून बसवला आणि कंबर धरून सरळ झाला.

“दगड लावलाय,” तो म्हणाला. मध्ये जानकू नव्हता, कुणीच नव्हतं, तो माझ्याशी बोलत होता. “सोड.”

मी वाकून पाहिलं. दगड मोठा होता, चाकाला नीट भिडलेलाही दिसत होता.

“सोड की,” तो पुन्हा म्हणाला. ‘दादा’ त्यातही नव्हतं.

मी हात काढला नाही.